डोरीनच्या बरणीतली माती

आमच्या गावाचा धंदा चिकणमातीचा. वायोमिंगच्या या उजाड टेकड्यांतून ती खणायची, दळायची आणि देशभरातल्या घरांत मांजरांच्या शी-शूच्या डब्यांत पसरायला पाठवून द्यायची. डोरीन हॅस्केटचा अख्खा जन्म गिरणीत पोती शिवण्यात गेला. पण तिचा जीव होता चर्चच्या तळघरातल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात. नवरा गेला त्या आठवड्यातही तिने तो चुकवला नाही. आम्ही बायकांनी त्यावरही नाकं मुरडली.

मग विद्यापीठातला एक माणूस मातीचे नमुने न्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, या मातीच्या पातळ थरांवर पहिले रेणू एकमेकांत गुंफले गेले असावेत, त्यातून पुढे जीव जन्मला असावा. त्यातले 'असावेत' आणि 'असावा' डोरीनने तिथेच सोडून दिले. त्या दिवसापासून ती अशी चालायला लागली, जणू देवाने ज्या मातीतून पहिला माणूस आदम घडवला, तिचं पोतं हिनेच शिवलं होतं.

रविवारी ती वर्गात बरणीभर माती घेऊन आली. पाद्रीसाहेबांची बायको लव्हॉन खवळलीच.

"डोरीनबाई, मुलांना काय सांगताय हे? जीव मांजराच्या शीच्या डब्यातून आला?"

"मग देवाने आदम कशाचा केला होता गं? प्लॅस्टिकचा?"

मुलं खिदळली.

"पुढच्या रविवारपासून वर्ग मी घेणार," लव्हॉन म्हणाली.

डोरीनचा चेहरा उतरला. आम्ही बायका मात्र तिथेच, चर्चनंतरच्या जेवणासाठी आणलेल्या बटाट्याच्या भांड्यांवरचे कागद काढण्यात एकदम गर्क झालो.

लव्हॉन ओहायोची, बाहेरून आलेली. तिने बरणी उचलली, सगळी माती सिंकमध्ये ओतली आणि वर नळ सोडला. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे करणार नाही. पाणी पिऊन ही माती अशी फुगते, की गळक्या तळ्यांच्या भेगासुद्धा बुजतात. आम्ही सगळ्या बघत होतो. कुणी तोंड उघडलं नाही. डोरीननेही नाही.

जेवणं उरकेपर्यंत सिंक तुंबलं. पाइप जमिनीखालचा, फरशी फोडावी लागली, तळघराला कुलूप लागलं. चर्चसमोर एकच घर, डोरीनचं. शनिवारी लव्हॉन तिच्या दारात उभी राहिली.

"मुलांना बसायला तुमचं स्वयंपाकघर मिळेल का?"

"मिळेल की. पण माझ्या घरात मीच शिकवते."

लव्हॉनने वळून समोरच्या चर्चकडे पाहिलं. "बरं."

"आणि हे बघ, बरणी मी धुणार. तू माझ्या सिंकला हात लावायचा नाहीस."