लोणच्याच्या बरणीतलं पेट्रोल

वामनराव गुरुजींना काय येत नाही, याची यादी रोहिणखेडात अजून कुणी केलेली नाही. ती करायची तर गुरुजींनीच करायला हवी, आणि त्यांना तशी गरज वाटत नाही. बत्तीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले आणि लिंबाची बाग लावून बसले. झाडांच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर जाईना, म्हणून एका बंद पडलेल्या रोपवाटिकेच्या लिलावातून त्यांनी पेट्रोलवर चालणारा छोटा बागेचा ट्रॅक्टर आणला. आकार म्हशीच्या पारड्याएवढा, वय मात्र त्या म्हशीच्या आजीचं.

हे पारडू जिवंत ठेवायचं काम गावात एकाच ठिकाणी व्हायचं. मोताळ्याच्या रस्त्याला एक टिनाचं शेड होतं. त्यावर पाटी 'पुंजाजी ऑटो' अशी आणि पाटीखाली हातात पाना घेऊन बसायच्या अन्नपूर्णाबाई. पुंजाजींचे हात तीन वर्षांपासून थरथरत होते. चहाचा कप ओठापर्यंत पोचायच्या आत अर्धा होई, मग कार्बोरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोटीचं, सुईच्या टोकाएवढं छिद्र त्यांच्याकडून काय साफ होणार? तेव्हा ते बाकावर बसून कानांनी इंजिन तपासत आणि हातांचं काम बायको करी.

गावाला या गोष्टीचं फार कौतुक होतं. म्हणजे आलेला माणूस आधी विचारायचा, "पुंजाजी नाही काय?" मग समोर बसलेल्या पुंजाजींकडे बघायचा, त्यांच्या हातांकडे बघायचा आणि उपकार केल्यासारखा म्हणायचा, "बरं, करा मंग तुम्हीच." गाडी चालू झाली तर नमस्कार पुंजाजींना. बंद पडली तर दोष बाईच्या हाताचा. वाटणी इतकी चोख होती की तलाठ्यानेही नावं ठेवली नसती.

अन्नपूर्णाबाईंनी ही वाटणी केव्हाच मान्य केली होती. त्यांना काळजी करायला दुसरी पुष्कळ जागा होती. मुलगी मयुरी बुलढाण्याला नर्सिंग शिकत होती. ती जेवली का, तिला एसटीत बसायला जागा मिळाली का, तिला खोकला झाला तर तो साधाच आहे ना, हे सगळं इथे कार्बोरेटर धुता धुता चाललेलं असायचं. हातात पेट्रोल आणि डोक्यात बुलढाणा.

दसऱ्याच्या चार दिवस आधी गुरुजींनी ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला आणला. बाईंनी कार्बोरेटर उघडला, धुतला, बसवला. पहिल्याच दोरीत इंजिन चालू झालं. गुरुजींनी पुंजाजींना नमस्कार केला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दोनदा खोकला आणि बसला.

आता गुरुजींच्या मालकीचं यंत्र आपल्या दोषाने बंद पडेल, हे कसं शक्य आहे? गुरुजी थेट हॉटेलात गेले. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चार बाकं, एक स्टोव्ह आणि गावाचं उच्च न्यायालय. अर्ध्या कप चहात निकाल लागला.

"पुंजाजी पाना धरत होता तोपर्यंत कामाला हात होता," गुरुजी म्हणाले. "आता बाईनं पोळी लाटावी तसा कार्बोरेटर लाटला. आणि मला तर वाटतं, मूळचं पितळी जेट काढून घेतलं अन् हलकं काहीतरी बसवलं."

'मला तर वाटतं' हे शब्द हॉटेलाच्या पायरीवरच गळून पडले. संध्याकाळपर्यंत गावभर एवढंच उरलं की पुंजाजीच्या बायकोने जेट चोरलं. दोन गिऱ्हाइकं येऊन आपापले स्प्रे पंप न उघडताच घेऊन गेली. एकाने जाताना तर आपले स्क्रू मोजले.

अन्नपूर्णाबाईंनी तेही गिळलं असतं. पण रात्री मयुरीचा फोन आला. गावची एक मुलगी तिच्याच वर्गात होती आणि बातमीला एसटी लागत नाही.

"आई, लोक काय म्हणून राह्यले तुह्याबद्दल?"

"काही नाही बाई. तू जेवली काय?"

"आई, मी काय विचारून राह्यली?"

फोन ठेवल्यावर बाईंना पहिल्यांदाच वाटलं की पोरीच्या आवाजाला खोकल्यापेक्षा वाईट काहीतरी झालंय. चोराची मुलगी म्हणून तिने त्या वर्गात बसायचं?

सकाळी पान्यांची पिशवी घेऊन त्या गुरुजींच्या अंगणात हजर झाल्या. वाटेत हॉटेलावर थांबून एवढंच म्हणाल्या होत्या, "गुरुजींचा कार्बोरेटर उघडायले चालली. ज्याले जेट पाहाचं असंन, त्यानं या." सहा-सात जण लगेच निघाले. कामाला बोलावलं असतं तर सगळ्यांचे गुडघे दुखले असते.

"इथं काऊन?" गुरुजी म्हणाले. "दुकानात नेऊन काय ते कर."

"नाही गुरुजी. दुकानात नेलं अन् जेट सापडलं, त म्हणसान आताच बसवलं. तुमच्याच अंगणात, तुमच्याच परातीत उघडते. गीताताई, परात द्या हो."

गुरुजींच्या पत्नी गीताबाईंनी परात आणून दिली आणि पदर खोचून तिथेच उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात गुरुजींची परीक्षा घेणारं कुणी दारात आलं नव्हतं.

बाईंनी पेट्रोलचा नळ बंद केला, कार्बोरेटर उतरवला आणि खालची वाटी हळूच सोडवली. आधी जेट काढून तळहातावर धरलं. पितळी, मूळचं, काठावर कंपनीचा आकडा. ते सगळ्यांच्या नाकाखालून फिरलं.

"हं," गुरुजी म्हणाले. "म्हणजे साफ नीट केलं नव्हतं."

बाईंनी वाटीत पाहिलं. तळाशी पाण्याचा थेंब होता, पाऱ्यासारखा गोल फिरणारा. पेट्रोलात मिसळत नव्हता. आणि त्याला रंग होता, कुंकवाचा.

त्या एका क्षणात त्यांना सगळं उमजलं. पण तोंडाने 'कुंकू' म्हणायची सोय नव्हती. अन्नपूर्णाबाईंचं घर बौद्ध. त्यांनी तो शब्द उच्चारला असता, तर दुपारी हॉटेलात जेट राहिलं असतं बाजूला आणि 'पुंजाजीची बायको आपल्या पूजेवर बोलली' हा नवा खटला उभा राहिला असता.

त्या म्हणाल्या, "ताई, एखांदी काचेची बरणी आहे काय?"

गीताबाईंनी लोणच्याची रिकामी बरणी आणली. बाईंनी टाकीचा नळ सोडून सगळं पेट्रोल बरणीत काढलं, बरणी सावलीत भिंतीवर ठेवली आणि हात पुसत बसून राहिल्या. पाच मिनिटांत बरणीत दोन मजले झाले. वर पेट्रोल, खाली बोटभर लाल पाणी. मग त्यांनी नळच उतरवला. त्याच्या तोंडाशी अडकलेले तांदळाचे तीन लाल दाणे परातीत पडले.

जमलेले सहा-सात जण परातीवर वाकले.

"पंपवाल्याची भेसळ!" गुरुजी म्हणाले. "मी तक्रार करणार आहे."

"अहो," गीताबाई म्हणाल्या, "पंपवाला अक्षता टाकून पेट्रोल देते काय?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"काऊन नको बोलू? दसऱ्याले टाकीचं झाकण उघडून काशीचं गंगाजल कोनं ओतलं? मी म्हटलं, वरून शिंपडा. त मले म्हणाले, यंत्राचा आत्मा आत असते."

"ते प्रोक्षण होतं," गुरुजी म्हणाले.

"तांब्याभर?"

"आणि टाकीतली कचरा अडवणारी जाळी?" अन्नपूर्णाबाईंनी खाली बघूनच विचारलं.

जाळी गुरुजींनीच काढली होती. तिच्यामुळे पेट्रोल सावकाश उतरायचं आणि गुरुजींच्या वेळेला किंमत होती.

मग बाईंनी काम केलं. वायरीतली केसाएवढी एकच तार घेऊन जेटचं छिद्र मोकळं केलं. जाड तार घातली असती तर छिद्र मोठं होऊन इंजिन पेट्रोल ढोसत बसलं असतं. सायकलच्या पंपाने हवा मारली, सगळं बसवलं, ताजं पेट्रोल भरलं. दोरी ओढली. इंजिन चाललं. त्यांनी पुंजाजींना फोन लावून तो इंजिनाजवळ धरला.

"हवा जराशी कमी कर," फोन म्हणाला. त्यांनी स्क्रू पाव फेरा फिरवला. "हाव. आता बोलून राह्यलं."

गुरुजींनी पाकीट काढलं.

"पैसे राहू द्या," बाई म्हणाल्या. "हॉटेलात जे बोलले, ते हॉटेलातच वापस घ्या."

"बघू," गुरुजी म्हणाले. बत्तीस वर्षं रजेच्या अर्जांवर ते हेच म्हणत आले होते.

"पाहा. तोवर ही बरणी माह्याजवळ राहीन."

झाकण घट्ट लावलेली बरणी शेडातल्या फळीवर बसली. आलेलं गिऱ्हाईक विचारी, "हे लाल काय हो?" बाई म्हणत, "गुरुजींले विचारा. त्यायले सगळं माहीत आहे." आणि लोक खरंच विचारायला जात. जाणकार माणसाला शंका विचारावी, ही गावाची जुनी रीत.

सहा दिवस गुरुजींनी सोसलं. सातव्या दिवशी ते हॉटेलात आले, बसले नाहीत, घसा साफ केला.

"ते जेट मूळचंच होतं. चोरीबिरी काही नाही. टाकीत पाण्याचा अंश गेला होता."

"कोनं टाकला, गुरुजी?" मागच्या बाकावरून कुणीतरी अत्यंत आदराने विचारलं.

गुरुजींनी छताकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान व्याख्यान.

अन्नपूर्णाबाईंना हे दहा मिनिटांत कळलं. त्यांनी बरणी रिकामी केली, सोडा घालून तीनदा धुतली आणि गीताबाईंकडे पाठवून दिली. पेट्रोलचा वास काही गेला नाही. लोणचं घालायच्या लायकीची ती आता राहिली नव्हती. गीताबाईंनी तिच्यात देवाच्या वाती ठेवल्या, म्हणे, बरणी गुरुजींच्या नजरेसमोर राहावी.

संध्याकाळी मयुरीचा फोन आला. "आई, त्या जेटचं काय झालं? इथं तर आता वेगळंच सांगून राह्यले, गुरुजींनीच पाणी टाकलं म्हणून. गुरुजी खरंच बोलले काय?"

"बोलले," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तुहा आवाज असा काऊन येते? खोकला झाला काय?"