शेवंताबाईचा बटाटा

कोणावर भरोसा ठेवावा, सांगा बरं? ड्रिलच्या डब्यावर छापलेल्या वाघावर, की भट्टीवरच्या बटाट्यावर? मी वाघावर ठेवला, अन् व्याह्यांसमोर नाक कापून घेतलं. तेही धार नसलेल्या सुरीनं!

समुद्रपुरात माझं हार्डवेअरचं दुकान. नवे व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार होते. बायकोला ऐटीत म्हटलं, "भाजी चिराले नव्या सुऱ्या देतो, मूठ माह्या हातची!" शेवंताबाई लोहारणीकडून दोन पाती आणली. मूठ ठोकायची तर पात्याच्या शेपटीला भोकं हवीत. वाघछाप ड्रिल लावलं. ते किंचाळलं, धूर काढला अन् मोडलं! दुसरंही गेलं. पात्यावर साधा ओरखडा नाही.

गेलो शेवंताबाईकडे. ती हसायलाच लागली.

"काऊन भाऊ, लोखंडाले गुदगुल्या करून राह्यले का? लाल करून पाण्यात बुडोलं, कडक पाणी देलं हाये त्याले! शेपूट पयले नरम करा लागते."

तिनं एक पातं धारेकडून मोठ्या कच्च्या बटाट्यात खुपसलं, बाहेरची शेपटी विस्तवात लाल केली अन् तेवढीच राखेत निवू दिली. मग ड्रिल लावलं, तर पिकल्या पपईत शिरावं तसं आरपार! काय बाईचा हात! मी बघतच राहिलो.

"दुसरंही द्या, करून देतो," ती म्हणाली.

"राहू द्या, मले समजलं आता!" म्हणत मी पात्यावरून निघालेला तो भाजलेला बटाटा मीठ लावून खाल्ला. मला वाटलं, पातं धरता धरता बाईचा नाश्ताही भाजून होत असेल.

घरी येऊन दुसरं पातं अख्खंच शेगडीत घातलं. लालबुंद! राखेत निवलं, भोक झकास पडलं, दोन्ही पात्यांना सागवानी मूठ बसली. व्याही आले, तशी माझ्या भोकाची सुरी त्यांच्या हाती मोठ्या मानानं दिली, "बघा चिरून!"

काकडी दबली. कोहळ्यावर जोर दिला, तर सुरीच वाकली!

व्याही म्हणाले, "इवाईबुवा, हे सुरी हाये का उलथनं?"

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. शेवंताबाईनं भोक पाडलेल्या पहिल्या पात्याची सुरी तिनं पुढं केली, तेव्हा कुठं कोहळं चिरलं.

सकाळी वाकडी सुरी घेऊन भट्टीवर हजर.

"बटाटा नाई लावला?"

"तो तर म्या खाल्ला ना!"

"अरे देवा! त्याच्यानंच तर धार थंडी राह्यते. मंग धार तुमच्या पोटात गेली, भाऊ!"

हसत हसत तिनं मूठ काढली, पातं सरळ केलं, पुन्हा पाणी दिलं. आज तीच सुरी घरात सरसर चालते. व्याही कधी तुम्हाला भेटले, तर हिशेब मात्र खरा सांगा: भोक माझं, धार शेवंताबाईची. अन् बटाटा माझ्या नावावर मांडा!