फणसाच्या लाकडाची डच खुर्ची

अठरा वर्षं मी पुण्यातल्या एका कॉलेजात फर्निचर डिझाइन शिकवतेय आणि दरवर्षी न चुकता एका डच माणसाच्या खुर्चीची स्लाइड दाखवते. दोन सपाट फळ्या, पंधरा-सोळा काठ्या, बस्स! यंदा, म्हणजे २००६ च्या बॅचमधल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, बसायला कशी आहे?" मी कधी बसलेच नव्हते ना! न जेवलेल्या पंगतीचं वर्णन करावं तसं मी इतकी वर्षं शिकवत होते. भयंकर लाज वाटली. याच विषयाचा पुढचा तास सोमवारी होता. त्याआधी खुर्ची करून घ्यायची आणि बसायचं, असं ठरवूनच टाकलं.

पुण्यातले सुतार प्लायवुडशिवाय बोलेनात. शेवटी कॉलेजातल्या एका शिपायाने आपल्या चुलत्यांचं नाव सुचवलं. दत्ताराम मेस्त्री, मुक्काम वेळणेश्वर. बुधवारी पहाटे स्वारगेटहून गुहागरची एसटी पकडली. पोट नाजूक असेल तर कुंभार्ली घाटात पुढच्या सीटवर बसा, आणि घाट उतरल्यावर पोफळीला चहा घ्या, जिवात जीव येतो. गुहागरहून पुढे गाड्या मोजक्याच, सरळ रिक्षा करावी. देवळाजवळ घरगुती राहायची सोय होते, जेवण पन्नास रुपयांत. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं, म्हणून शेजारच्या पानातले बघत बसले.

मेस्त्री साठीचे, कानावर पेन्सिल. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या ठोकतात, एरवी दारं-खिडक्या. माझं ड्रॉइंग त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

"बाई, ह्याला खुर्ची बोलतात? कोण हा मानूस?"

"सुताराचाच मुलगा. अकरा-बारा वर्षांचा असताना शाळा सोडून बापाच्या हाताखाली लागला. पुढे घरंही बांधली. एका घराच्या माडीवर तर भिंती सरकतात. दिवसा एकच मोठी खोली, रात्री झोपायला वेगवेगळ्या. मंदीच्या दिवसांत त्याने खोक्यांच्या फळ्यांची खुर्चीपण केली."

"आंब्याच्या खोक्यांची?"

"त्यांच्याकडे आंबे कुठले!"

"खोकी तर हायत ना? मग आपल्यातलाच झाला," म्हणत मेस्त्रींनी माळ्यावरचं सुकवलेलं फणसाचं लाकूड खाली काढलं.

दोन दिवस रंधा चालला. शुक्रवारी दुपारी मी निवांत देऊळ आणि समुद्र करून आले, तर अंगणात खुर्ची तयार! पाठीच्या फळीला हळदकुंकूसुद्धा लावलेलं. आणि काठ्यांची सगळी टोकं कापून, घासून गुळगुळीत केलेली. त्या खुर्चीत प्रत्येक काठी जोडाच्या पुढे दीड इंच बाहेर निघते, तोच तिचा प्राण. माझा तोल गेला.

"कापायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडलेच. आतून मेस्त्रीवहिनी धावत आल्या.

मेस्त्रींचा चेहरा उतरला. "बाई, सुतार टोक नेहमी वाढीव ठेवतो नि शेवटाला छाटतो. मी बोललो, तुम्हीपण छाटायलाच दाखवलाव. तशीच ठेवली असती तर गाव बोललं असतं, मेस्त्रीचा हात गेला."

चूक माझीच होती. टोकांचं माप दिलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. हात जोडून माफी मागितली आणि दोन पेन्सिली एकमेकींवर आडव्या धरल्या. "इथे कोणी कोणाच्या पोटात शिरत नाही, मेस्त्री. एक दुसरीला टेकते आणि आपल्या वाटेने पुढे जाते."

त्यांनी पेन्सिली माझ्याकडून घेऊन स्वतः तशाच धरून पाहिल्या. मग म्हणाले, "म्हणजे भावाभावांची घरा. भिंतीला भिंत, पण चूल ज्याची त्याची." इतकं सोपं करून मला अठरा वर्षांत सांगता आलं नव्हतं.

शनिवारची एसटी मी सोडली. मेस्त्रींनी पहाटेपासून दिवसभर खपून नव्या फळ्या, नव्या काठ्यांची दुसरी खुर्ची केली. त्या डचानेही पहिल्यांदा खुर्ची बिनरंगाचीच केली होती, लाल-निळी नंतर झाली. फणसाचा पिवळाधमक रंग पाहून मी आणलेले रंगाचे डबे उघडलेच नाहीत. संध्याकाळी मेस्त्री म्हणाले, "बसा." मी बसले. कडक आहे, पण पाठ नीट धरते, सोफ्यासारखी माणसाला गिळत नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. उठताना एक टोक पोटरीला सणसणीत लागलं ते वेगळंच.

रविवारी खुर्ची एसटीच्या टपावर चढली. "बाई, हे मोडलंय की अजून जोडायचंय?" कंडक्टरने विचारलं आणि सामानाचं तिकीट फाडलं.

टोकं छाटलेली पहिली खुर्ची मेस्त्रींनी पडवीत ठेवून घेतलीय. वेळणेश्वरला गेलात तर जरूर बसून या, वहिनी कोकम सरबत दिल्याशिवाय सोडत नाहीत.

सोमवारी वर्गात सगळी बॅच रांगेने बसून पाहून गेली. कुणाला आवडली, कुणाला टोचली. स्लाइडचा प्रोजेक्टर लावायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. मेस्त्रींची गोष्ट सांगत, खुर्चीच्या पाठीला पाठ टेकून, अठरा वर्षांत पहिल्यांदाच मी बसून शिकवलं.