गाडी मुकी केली त्याची गोष्ट

माझी मोटार चिंचवडहून निघाली की तिच्याआधी तिचा आवाज पिंपरीच्या कारखान्यात पोहोचत असे. लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या त्या गाडीच्या सायलेन्सरची गंजून चाळण झाली होती. शेजारचे निवृत्त मास्तर एकदा अतिशय सौम्यपणे म्हणाले, "आपण कामावर निघालात की आमचे घड्याळ भिंतीवर थोडे सरकते." मी क्षमा मागितली आणि त्याच रविवारी मुंबई रस्त्यावरचे गॅरेज गाठले.

मिस्त्री गाडीखाली सरपटत गेला आणि तिथूनच बोलू लागला. "असाच नवा हवा तर मुंबईहून मागवावा लागेल, येईल तेव्हा येईल. नुसता सरळ पाइप आजच्या आज लावतो. गाडी झकास पळेल, पण तुमचे मास्तर घर सोडून जातील."

तिसरा उपाय कोपऱ्यात पडला होता. ट्रकचा मोठा डबा, आत पत्र्याचे आडवे पडदे. तो कापून जोडता येणार होता.

"याने आवाज पार दबेल," मिस्त्री बाहेर येत म्हणाला. "मात्र धूर अडला की इंजिनाचा दम कोंडतो. चढाला गाडी कुरकुरेल. पडदे कमी-जास्त करता येतात. किती आवाज चालेल तेवढे सांगा, साहेब."

"अजिबात नको."

"मास्तरांचा एवढा धाक?"

तो हसला, मीही हसलो. वास्तविक अर्धा आवाज राहिला असता तरी मास्तरांचे घड्याळ जागचे हलले नसते. माझ्या डोळ्यांपुढे होते ते कारखान्याचे फाटक. तिथे मी पाळीवर देखरेख करीत असे. आणि मी उतरताच प्रत्येक विडी विझलेली, प्रत्येक माणूस जागेवर उभा, ही शिस्त मला फार दिवस सलत होती.

सोमवारी मी मांजराच्या पावलांनी आत शिरलो. पंपघराच्या दारात आमचा पंपवाला मांडी घालून जेवत होता आणि समोर त्याची बायको भाकरी मोडून देत होती. तो जवळच्याच गावचा, वयाने माझ्याएवढा. कुंपणाच्या आत बाहेरचे माणूस आणण्यास सक्त मनाई होती. त्याच्या नावावर ताकिदीच्या दोन चिठ्ठ्या आधीच होत्या. तिसरी झाली की काम जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मी खिशातून चिठ्ठ्यांची वही काढली.

"आज गाडी वाजली न्हाई, सायेब," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "वाजली असती, तर हिला कवाच कुंपणाबाहेर धाडली असती. रोज धाडतो."

"रोज?"

"तर वो. तुमची गाडी वढ्यापाशी वाजली की ही उठती."

बायकोने पदर सावरला, पण ती उठली नाही. "आता काय उठू? सायबांनी बघितलंच हाय. तुमी खाऊन घ्या, गार व्हतंय."

चोरून पाहणाऱ्याला चोर सापडावा अशी अपेक्षा असते. मला एक माणूस गरम भाकरी खाताना सापडला होता, आणि त्यासाठी मी माझ्या इंजिनाचा दम कोंडून आलो होतो. वही उघडी होती. मी तिच्यात लिहिले ते इतकेच: फाटकाबाहेर कामगारांच्या घरच्यांसाठी जेवणाची एखादी शेड असावी. ते पान मी मॅनेजरसाहेबांकडे नेऊन दिले.

शेड महिन्याभरात झाली. पंपवाल्याचे काम टिकले. मॅनेजरसाहेबांनी चार माणसांसमोर सांगितले की, कामगारांकडे असे आपुलकीने पाहणारा माणूस विरळा. सायलेन्सरची हकीकत तेव्हाच सांगून टाकायला हवी होती. मी मान खाली घातली. लोकांनी तो विनय समजला, आणि मी तो तसाच समजू दिला.