साखरपुड्याला आम्ही डिक्कीतून गेलो

माझे यजमान भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरच्या देखभालीला होते. इमारतीएवढ्या भट्टीच्या पोटात शिरून काम करणाऱ्या माणसाला घरातला गळका नळ दिसत नाही, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं. पण ऐंशीचं दशक संपता संपता ह्यांनी जळगावच्या एका मारवाडी कापड व्यापाऱ्याकडून जुनी बदामी फियाट घेतली आणि पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "या गाडीला गॅरेजवाल्याचा हात लागणार नाही. मी अख्खा बॉयलर खोलतो, ही तर डबी आहे."

आणि खरं सांगायचं तर अवघड कामं ह्यांना उत्तम जमायची. एकदा इंजिन धूर ओकायला लागलं. ह्यांनी क्वार्टरच्या अंगणात चादर अंथरली, वरचं हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, नवं गॅस्केट बसवलं. तोवर माझ्या पोळपाटावर नट आणि बोल्ट वाळत पडले होते. शेजारपाजारचे इंजिनिअर येऊन मान हलवून जायचे. शेवटी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शंका घेतली होती. घेतली होतीच.

लहानसहान दुखण्यांना घरगुती औषधं होती. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद. पेट्रोलची टाकी पाझरली की तिच्यावर अंगाचा साबण घासायचा. दोन्ही उपाय लागू पडायचे, हे मला कबूल करावं लागेल. फक्त भाजीत घालायला हळद लागली, की मी आधी डब्यात न बघता बोनेट उघडून बघायची.

प्रश्न यायचा तो सोप्या कामांचा. सोप्या कामात ह्यांचं मन रमत नसे. काच खालीवर करायची मूठ, आरशाचा स्क्रू, वायपर, अशा गोष्टी ते जाता जाता, रेडिओवरच्या बातम्या ऐकत उरकायचे.

त्या हिवाळ्यात गाडीची दारं चालता चालता उघडायला लागली. एकदा भुसावळच्या बाजारात माझ्या बाजूचं दार उघडलं आणि मेथीची जुडी रस्त्यावर गेली. नेमकं त्याच आठवड्यात भडगावला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. ह्यांची ही थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणतात. सासूबाई आमच्याकडेच राहायच्या, त्याही येणार होत्या. "माय गाडीतून पडली तर अक्का मला जिवंत ठेवणार नाही," असं म्हणत ह्यांनी आदल्या दिवशी चारही दारं उघडून बसवायला घेतली.

दाराच्या आत जायचं तर आधी काचेची मूठ काढावी लागते, मग आतलं पॅनेल. ह्यांनी चारही मुठी काढल्या, पॅनेलं काढली, कुलपं साफ केली, ग्रीस भरलं, परत बसवली. संध्याकाळी हाक मारली. "बघ आता." दार लावलं. फ्रिजसारखा आवाज आला. उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. चारही दारं एकदम झकास.

"आणि या कसल्या?" मी विचारलं. चादरीवर चार छोट्या क्लिपा उरल्या होत्या.

"त्या खडखड होऊ नये म्हणून असतात. नसल्या तरी चालतं."

"काचेच्या मुठी?"

"त्या बसवायला वेळ लागतो. आता थंडीच आहे, काचा खाली कोण घेतंय? आल्यावर बसवू." मुठी हत्यारांच्या पेटीत गेल्या आणि पेटी डिक्कीत.

पहाटे निघालो. काचा वर होत्या, ते बरंच होतं, कारण सासूबाईंच्या कानाला वारं सोसत नाही. ह्यांनी नवा सफारी घातला होता. मुलीचे मामा म्हणून मान होता. पाचोऱ्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, खडी पसरली होती, आणि गाडी चाळणीतल्या दाण्यांसारखी उडत होती. पण एकही दार उघडलं नाही. हे प्रत्येक खड्ड्यानंतर म्हणायचे, "बघितलंस?"

भडगावला पोचलो तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. अक्काच्या दारात मांडव होता. मुलाकडची मंडळी आधीच आली होती आणि खुर्च्यांवर रांगेने बसली होती. आमची गाडी थेट त्यांच्यासमोर उभी राहिली. अक्का आरतीचं तबक घेऊन पुढे आली. ह्यांनी रुबाबात दाराची कडी ओढली.

कडी हातात ढिली आली. दार जागचं हललं नाही.

ह्यांनी पुन्हा ओढली. मग माझी बाजू. माझीही कडी लुळी. "आई, तुमचं उघडतंय का?" मी मागे वळून विचारलं. सासूबाईंनी दोन्हीकडची दारं ओढून पाहिली. बाहेरून अक्काच्या यजमानांनी, आमच्या दाजींनी, जोर लावला. गाडी हलली, दार नाही.

ह्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्यांना कळलं. आतल्या-बाहेरच्या दोन्ही कड्यांपासून कुलपापर्यंत जो गज जातो, तो जागेवर राहावा म्हणून ती क्लिप असते. खडीवरच्या धक्क्यांनी गज निसटले होते. एखाद्या दाराचीच चूक असती तर बाकीची उघडली असती. पण काम करायचं तर सगळीकडे एकसारखं, ही ह्यांची शिस्त.

"पॅनेल काढलं की हाताने उघडेल," ते पुटपुटले.

"मग काढा."

त्यांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. "दार बंद असताना पॅनेलचे कडेचे स्क्रू दिसत नाहीत. पॅनेल काढायला आधी दार उघडावं लागेल."

मागून सासूबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "तू बॉयलर उघडस ना रे भाऊ? मंग दार उघड."

काचा बंद, ऊन डोक्यावर. पुढच्या दाराला जी छोटी तिकोनी काच असते, तेवढी उघडत होती. त्या फटीतून अक्काने आम्हाला ओवाळलं. फटीतून पाण्याचे पेले आत आले, मग पोह्यांच्या बशा, तिरक्या करून, त्यामुळे अर्धे पोहे माझ्या मांडीवर. मुलाची आई गाडीजवळ आली आणि काचेबाहेरून हात जोडले. आम्हीही आतून जोडले. कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडून खूप हसणं झालं.

मग सासूबाई माझ्या खांद्याशी वाकून हळूच म्हणाल्या, की आपल्याला आता फार वेळ थांबता येणार नाही. पहाटेपासूनचा प्रवास होता. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "डिक्कीतल्या मुठी मागवून काच खाली घेतली, तरी माय खिडकीतून उतरणार नाही. एकच मार्ग आहे. मागच्या सीटची पाठ उचलली की निघते. तिच्यामागे पुठ्ठा आहे, आणि पुठ्ठ्यामागे डिक्की."

"डिक्कीमाईन मी येत नही," सासूबाई कडाडल्या. "मी काय कांद्यानी गोणी शे का? बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं." सगळं गाव खरंच बघत होतं.

पण निसर्गापुढे मानपान चालत नाही. ह्यांनी फटीतून चावी बाहेर दिली, दाजींनी डिक्की उघडली. हे मागे गेले, सीटची पाठ उचलली, पुठ्ठा फाडला. उजेड आत आला आणि त्या उजेडात मांडवातली सगळी तोंडं दिसली. आधी हे गेले. नवा सफारी स्टेपनीला घासत, गुडघ्यांवर, मुलीचे मामा डिक्कीतून प्रकट झाले. कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. मग सासूबाई. दोन बायकांनी पुढे साडी धरून आडोसा केला, अक्काने हात धरला, आणि त्या बाहेर आल्या. पदर सावरला, कुणाकडेही न बघता ताठ मानेने घरात चालत्या झाल्या. इतक्या ताठ, की खुर्च्यांवरची दोन म्हातारी माणसं उठून उभी राहिली. शेवटी मी, पोह्यांसकट.

मुलाचे वडील केळीचे व्यापारी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. ते उठून आले, तेव्हा अक्का धास्तावली. आता हे सोयरिकीवर काही बोलतात की काय! नाना गाडीभोवती एक फेरी मारून ह्यांना म्हणाले, "गज निसटले असतील."

"चारही," हे म्हणाले.

"क्लिपा नाही लावल्या?"

"राहिल्या."

नाना हसले नाहीत. "माझ्या जीपचं असंच झालं होतं. फक्त जीपला दारं नव्हती म्हणून वाचलो." असं म्हणून त्यांनी कोट काढला, धोतर खोचलं, आणि डिक्कीतून आत शिरले.

पुढचा साखरपुडा गाडीच्या आणि मांडवाच्या मधे झाला म्हणायला हरकत नाही. हेही मागोमाग गेले, आणि दोघांनी पेटीतल्या हत्यारांनी पॅनेलचा कोपरा वाकवून आत हात घातला. क्लिपांऐवजी काय लावायचं, यावर बराच खल झाला. मग नाना तिकोनी काचेतून ओरडले, "बायांनो, केसातल्या पिना द्या!" वरपिता मागतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मी दिल्या, अक्काने दिल्या, मुलाच्या आईने दिल्या. भटजी मुहूर्ताची घाई करत होते आणि नाना म्हणत होते, "हे दार होऊ द्या, मग येतो." साखरेची पुडी मुलीच्या हातात द्यायची वेळ आली, तेव्हा ते आले. पुडीच्या कागदावर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. मुलीच्या कपाळावर ह्यांनी कुंकू लावलं, त्यालाही थोडी ग्रीसची छटा होती. अक्का ह्यांच्याशी जेवणाच्या पंगतीपर्यंत बोलली नाही. पण तिच्या सासरचा एक म्हातारा जेवताना म्हणाला, की सोयरे पहिल्याच दिवशी एकमेकांच्या कामाला आले, यापुढे काय बघायचं? तेव्हा तिने ह्यांच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली.

परतताना चारही दारं पिनांवर उघडत होती आणि लागत होती. सासूबाई आधी एस.टी.ने जाते म्हणाल्या होत्या, पण बस निघून गेली होती. त्या मागे बसल्या. माझे केस पिनांवाचून सुटून तोंडावर येत होते. हे गाडी इतकी हळू चालवत होते, की बैलगाडीवाले मागे वळून बघायचे.

पाचोऱ्याला चहाला थांबलो. सासूबाई दार उघडून उतरल्या. मग पुन्हा आत बसल्या, दार लावलं, उघडलं, उतरल्या. पुन्हा तसंच. हॉटेलवाला चहा घेऊन येता येता थांबला. "आजी, काही हरवलं का?"

"नही भाऊ," त्या म्हणाल्या आणि दार पुन्हा लावून घेतलं. "उघडस का, ते देखस मी."