फुलीवरची चांदणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पाणी गाळणं. मी घागर तिरपी केली, बायकोनं जुन्या लुगड्याचा तुकडा पितळी गंजाच्या तोंडावर ताणून धरला. पाण्यात एक कण राहिला तरी काचेवर ओरखडा पडतो.

काचा साहेबांच्या, चांदण्यांचे फोटो काढायच्या. नागपूरच्या कॉलेजात शिकवत. उन्हाळ्यात धानाची बांधी रिकामी पडली की आमच्या शेतात मोठी दुर्बीण उभी करत. दक्षिणेला, जंगलाच्या शेंड्यांवर एक धुकट ठिपका दिसतो. दुर्बिणीतून तो हजारो चांदण्यांचा गोळा आहे. त्यातल्या काही चांदण्या फुगतात आणि आकसतात, अर्ध्या दिवसात एक फेरी. ती फेरी नेमकी कळली तर तो गोळा किती लांब आहे ते काढता येतं, असं साहेब म्हणत.

मी चौथीत शाळा सोडली, ती शाळेत गेलीच नाही. पण काम होतं. दुर्बिणीला चिकटलेल्या लहान नळीत दोन धाग्यांची फुली होती. एक चांदणी त्या फुलीवर धरून अर्धा तास चाक हळूहळू फिरवायचं, ते माझं काम. डोळा काढला की चांदणी सरकली, काच वाया. साहेब काच औषधात घालून चित्र काढत, मग ती धुवायचं काम तिचं. काचेवर चांदण्या काळ्या ठिपक्यांसारख्या उमटतात. तेज जास्त तर ठिपका जाड. ती कालची काच शेजारी धरून म्हणायची, "हे पाहा जी, काल मोहरी होती, आज खसखस झाली." साहेब भिंग लावून मोजत, आणि ती बरोबर निघे. जन्मभर तांदूळ निवडलेले डोळे. मला काही दिसत नसे. ती म्हणायची, "तुमाले खडा दाताखाली आल्यावरच दिसते."

त्या वर्षी नऊ रात्री सलग झाल्या होत्या. दहावी हवी होती, त्यानंतर चंद्र आड येणार होता. साहेब औषध आणायला चांद्याला गेले. जाताना म्हणाले, "भाऊ, आजची काच चुकवू नका."

पाणी गाळताना तिच्या हातून कापडाचं टोक सुटलं.

"काय वं, अंगात ताप आहे का?"

"काई नाई. थंडी वाजून राह्यली."

वैशाखात थंडी. मला कळायला पाहिजे होतं. कळलंच होतं, खरं लिहितो. मी म्हणालो, "येवढी काच होऊ दे, मंग गाडी जुंपून दवाखान्यात नेतो." ती म्हणाली, "हाव. नऊ रातीचं पाणी नोका करू."

तिची बाज दुर्बिणीपासून दहा पावलांवर टाकली. "बोलत राह्य," म्हणालो. मी डोळा लावला, दुर्बिणीचं झाकण उघडलं.

ती बोलत होती. बकरीनं दोरी खाल्ली. शेजारणीनं मोहाची टोपली अजून परत केली नाही. मधे दात वाजत, मग परत बोले. "चांदणी आहे का जी फुलीवर?"

"आहे."

"मंग काऊन इतके चूप?"

मग टोपलीचं पुन्हा सुरू झालं, आणि अर्ध्या वाक्यात थांबलं.

मी हाक मारली. पुन्हा मारली. माझा हात हलला. चांदणी फुलीवरून सुटली. मी ती परत आणली. उठलो नाही. एका बिडीइतका वेळ बाकी होता, झोपली असेल म्हणालो आणि चाक फिरवत राहिलो. झाकण लावलं तेव्हा तिचं अंग तव्यासारखं होतं आणि ती ओळखत नव्हती.

शेजाऱ्याला उठवून गाडी जुंपली. वैनगंगेच्या रेतीत चाक रुतलं. आम्ही दोघं खांदा लावत होतो, तेवढ्यात ती गेली. उजाडत होतं. तिथूनच परत फिरलो. साहेब दुपारी आले. संध्याकाळी नदीवर तिला जाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना म्हणालो, "ते काच काढा."

"राहू द्या, भाऊ."

"काढा."

पाणी एकट्यानं गाळता येईना. घागर धरली की कापड सुटे. शेवटी लुगड्याचा तुकडा गंजाच्या गळ्याला सुतळीनं बांधला. काच धुतली, उजेडात धरली. एकेका ठिपक्याला बारीक शेपूट. हजारो ठिपके, सगळ्यांची शेपटं एकाच बाजूला.

साहेब हळूच म्हणाले, "वाऱ्यानं दुर्बीण हलली असेल."

"वारा नव्हता. ते बोलता बोलता थांबली, तवा माहा हात हलला. तरी मी उठलो नाई."

मी नवव्या रात्रीची काच शेजारी धरली आणि तिची मोहरी-खसखशीची चांदणी शोधत बसलो. ऊन डोक्यावर आलं. साहेबांनी वही उघडली, मग विचारलं, "काय लिहू?"

"काई लिहू नका," म्हणालो. "पाहणारी नाई."

आणि काच वाळायला उभी केली, ती करायची तशी, भिंतीकडे तोंड करून.