मावशीचा फोटो पेपरात आला

आमच्या घरी दोन पेपर यायचे आणि वडील दोन्ही पेपरांवर सारखाच विश्वास ठेवायचे. छापलेलं खोटं असू शकतं, हे त्यांना पटायचंच नाही. आम्ही तेव्हा ठाण्यात वर्तकनगरला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. मी कॉलेजला होते.

खाडीकाठच्या कोलशेतची एक कोळीण आमच्याकडे मासे घेऊन यायची. मी तिला मावशी म्हणायचे. नवरा अंथरुणाला खिळलेला, मूलबाळ नाही. एवढी मोठी पाटी डोक्यावर घेऊन तीन जिने चढायची आणि दारात टेकली की आधी पाणी मागायची. खाडीत कारखान्यांचं पाणी सुटायला लागल्यापासून तिथे मासे मिळणं जवळजवळ संपलंच होतं. गावातल्या बायका मिळून टेम्पो करायच्या, पहाटे मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जायच्या आणि तिथला माल आणून विकायच्या. हे तिनं आईला किती वेळा तरी सांगितलेलं. आई ऐकायची आणि घासाघीस करायची.

एका उन्हाळ्यात खाडीत मेलेले मासे तरंगायला लागले. वडिलांचे एक मित्र पेपरात बातमीदार होते. वडीलच त्यांना म्हणाले, "आमच्याकडे येते ती बाई तुला सगळं दाखवेल."

मावशीला केवढा आनंद झाला! "लिवा, सगला लिवा. कंपनीचा नाव घाला." ती त्यांना आणि त्यांच्या फोटोग्राफरला घेऊन चिखलातून किनाऱ्यापर्यंत गेली. मीही बरोबर होते. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, ते मेलेले मासे तुमच्या पाटीत घ्या. पाटी जरा वर धरा. आणि हसू नका." फोटो काढून घ्यायची तिला सवय नव्हती, तिला सारखं हसू येत होतं. शेवटी तो ओरडला तेव्हा तिचं हसू थांबलं.

रविवारी बातमी आली. फार चांगली लिहिलेली होती. मीच ती घरात मोठ्यानं वाचून दाखवली. कंपनीचं नाव मात्र कुठेच नव्हतं, 'परिसरातील एक कारखाना' एवढंच होतं. मावशीचं नाव होतं, गावाचं होतं, आणि तिच्या फोटोखाली जाड अक्षरात 'विषारी मासळी'.

सोमवारी ती नेहमीसारखी आली. पेपर तिनं पाहिलेला नव्हता. पहिल्या मजल्यावर दार उघडलं नाही, दुसऱ्यावरही नाही. आमच्या समोरच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "फोटोत तूच होतीस ना? ते मासे आम्हाला खायला घालतेस? लाज नाही वाटत?"

"धक्क्यावरचा माल हाय, बाय. बर्फातला हाय. वास घेऊन बघा." तिनं एक पापलेट उचलून पुढे धरलं. काकू नाकाला पदर लावून दोन पावलं मागे सरकल्या.

आई आमच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आज नको गं."

मी म्हटलं, "आई, तुला माहितीये ना ती कुठून आणते ते!"

आतून वडील म्हणाले, "छापून आलंय. उगाच कोण छापेल?"

मावशीनं पापलेट परत पाटीत ठेवलं. मग कुणी हात न लावता पाटी एकटीनंच डोक्यावर चढवली आणि उतरायला लागली. त्या दिवशी तिनं पाणीही मागितलं नाही.

पुढच्या आठवड्यात वडिलांचे मित्र जेवायला आले. संपादकांनी बातमीचं फार कौतुक केलेलं, त्यामुळे खुशीत होते. आईनं त्यांच्यासाठी मार्केटातून पापलेटं आणून तळली होती. तीही धक्क्यावरूनच आलेली असणार, पण ते कुणी विचारलं नाही. मी मावशीचं काय झालं ते सांगितलं आणि म्हटलं, "काका, दोन ओळी छापा ना, की ती खाडीतले मासे विकत नाही."

त्यांनी काटा बाजूला काढून ठेवला. "वाईट वाटतं गं. पण चूक कसली सुधारायची? माझ्या बातमीतलं एक वाक्य खोटं दाखव."

मी रात्री ती बातमी परत वाचली. खरंच, एकही वाक्य खोटं नव्हतं. पुढे मी स्वतः पेपरांत लिहायला लागले, माध्यमांच्या जबाबदारीवर परिसंवाद ऐकले, जाडजाड पुस्तकं वाचली. त्या सगळ्यांत सत्य आणि असत्य यांची चर्चा असते. खऱ्या वाक्यांनी एका बाईचं पोट कसं मारता येतं, यावर मला अजून कुणी समाधानकारक बोललेलं सापडलेलं नाही.

महिन्याभरानं मी बस पकडून कोलशेतला गेले. मावशी ओट्यावर दुसऱ्या कुणाचं तरी फाटलेलं जाळं तुणत बसलेली. गावच्या बायकांनी तिला टेम्पोत घ्यायचं बंद केलं होतं. ती बरोबर दिसली की गिऱ्हाईक सगळ्यांच्याच पाट्यांकडे संशयानं बघायचं. शेजारीण जाता जाता माझ्यादेखत म्हणाली, "फोटो काढाला हौस होती ना? आता खा फोटो."

मावशी मला म्हणाली, "कंपनीचा पाणी अजून येतंय. तिचा फोटो नाय काढला त्यांनी." मग तिनं विचारलं, "तू शिकलेली हायस. परत असा लिवून येत नाय का, की त्या बाईचा मासा चांगला हाय?"

मी नाही म्हटलं.

तिनं जाळं मांडीवरून खाली ठेवलं आणि गल्लीत दोन्हीकडे बघितलं. "मंग जा तू. शहरातला मानूस दारात दिसला का लोक मना परत बोलतान."

मी उठले. ती मला सोडायला ओट्याखाली उतरली नाही.

त्याच वर्षी तिचा नवरा गेला. झोपडं दिराच्या ताब्यात गेलं आणि ती कळव्याला कुणा नातेवाइकाकडे राहायला गेली, एवढंच समजलं. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरी कोळीण यायला लागली. तीही कोलशेतचीच होती. काकूंनी तिला विचारलं, "कुठली गं तू?" तिनं दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं, आणि सगळ्यांनी तिच्याकडून मासे घेतले.